नववा हक्क मावला नाही

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, मी काय त्यांची किडनी मागितली होती? एक कागद मागितला! तोसुद्धा माझ्यासाठी नाही, थोरलीसाठी. पोरगी नर्सिंगची परीक्षा पास झाली, पहिल्या यादीत नाव आलं, आणि कॉलेज म्हणतंय, शुक्रवारी पाचच्या आत नागरिकत्वाचा दाखला आणा, नाहीतर जागा खालच्या नंबरला. आता तिला दाखला कधी मिळणार? बापाचा असेल तर! आणि बाप कोण? मी! माझा आहे का? नाही! पन्नास वर्षं या देशात श्वास घेतोय, फक्त पावती घ्यायची राहून गेली बघा!

सोमवारी गेलो. खिडकी नंबर चार. आतल्या साहेबांना सगळे 'उद्या-या साहेब' म्हणतात, अर्थात पाठीमागे, तोंडावर नुसतं साहेब, तिथंच तर आपलं चुकतं. साहेबांनी माझं नाव टाकलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला. "तुमची नोंद नाही." म्हटलं, "अहो, जुन्या रजिस्टरात असेल." "त्या सालाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं." आता बघा हं, खाल्लं कोणी? वाळवीनं! सांभाळायचं कोणी? यांनी! आणि घरी बसायचं कोणी? माझ्या पोरीनं! तरी मी राग गिळला, म्हटलं, "बरं साहेब, एवढंच लिहून द्या, की वाळवीनं खाल्लं म्हणून दाखला देता येत नाही. कॉलेजात दाखवतो, चार दिवसांची मुदत मागतो." तर साहेबांनी पेन उचलून खिशात ठेवलं! "लेखी मिळत नाही."

तुम्हाला सांगतो, माझं दुसरं काही म्हणणंच नव्हतं. नाही म्हणता? खुशाल म्हणा! पण लेखी द्या!

मंगळवारी गेलो, "उद्या या." बुधवारी गेलो... बुधवार म्हणजे मंगळवारचा उद्याच ना? की तोही वाळवीनं खाल्ला?... तर म्हणे, मोठे साहेब मीटिंगला. आणि रांग बघाल तर दारापर्यंत! माझ्यापुढं एक आजी, सत्तरीच्या. त्यांना सांगितलं होतं जन्माचा पुरावा आणा, तर त्या माउलीनं काय करावं? आपली सुईणच आणली! नव्वदीची सुईण, दोन्ही बाजूंनी धरून. ती बिचारी खिडकीत तोंड घालून सांगतेय, "हो रे बाबा, हीच ती, पायाळू होती, लई त्रास दिला." आणि साहेब काय म्हणाले असतील? "सुईणीचा दाखला आणलाय?" अहो, त्या सुईणीचा जन्म झाला तेव्हा हे ऑफिस जन्मलं नव्हतं! हसू नका. मला तिथं हसू आलं नाही. दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून परत निघाल्या हो, आणि जाताना उलट साहेबांनाच 'साहेब, चुकलं' म्हणाल्या!

तिथं माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "साहेब, मला लेखी द्या, आजींनाही लेखी द्या, तो आमचा हक्क आहे!" "कुठं लिहिलाय?" "कुठं लिहिलाय? तुमच्या डोक्यावर! 'राज्यघटना आणि नागरिकांचे हक्क', हा एवढा मोठा फलक, वाचा नववा!" आणि मी बोट वर केलं... आणि ते बोट तसंच राहिलं.

कारण फलक आठवरच संपत होता.

आणि फलक रंगवला कोणी होता? मी! अहो, मी पेंटर! सहा वर्षांपूर्वी याच ऑफिसात, याच हातांनी! मजकुरात नऊ हक्क होते, कागद अजून आहे माझ्या ट्रंकेत. पण माझी खोड काय, की आधी सगळ्या रेघा आखून घ्यायच्या सोडून मथळ्यावर तुटून पडायचं. मथळा असा काढला की रस्त्यावरून वाचावा. समानतेच्या हक्काला तर तीन रंगांत सावली दिली, वेलबुट्टी काढली. मग बोलण्याचा, फिरण्याचा... जसजसा खाली आलो तसतसे हक्क बारीक होत गेले. आठवा तर मुंगीनं वाचावा एवढा. आणि नववा, 'कोणत्याही नागरिकाचा अर्ज नाकारल्यास त्याचे कारण त्यास लेखी दिले जाईल', दोन ओळींचा ऐवज, तो मावेचना! तेव्हाच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "शेवटचं कोण वाचतंय? राहिलेल्या जागेत 'फलकास हात लावू नये' लिही." लिहिलं! लाल रंगात लिहिलं! वर चहा पिऊन आलो!

उद्या-या साहेब मान वर करून म्हणतात, "आठच दिसतात हो." सांगा आता, कोणाच्या नावानं बोटं मोडू?

घरी बायको म्हणाली, "तुम्ही ओरडला असाल." म्हटलं, "नाही गं." "मग ओरडायचं होतंत! पोरीनं दोन वर्षं पुस्तकात डोकं घातलं, ते तुमच्या वेलबुट्टीसाठी?" आणि थोरली? बॅग भरली होती तिनं, ती उघडून कपडे परत कपाटात लावत होती. तुम्हाला सांगतो, तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी शिडी उचलली, डबा उचलला, गेलो. आणि गंमत बघा, तीन दिवस दारावर मला विचारत होते, कोण, कुठले, कागद दाखवा. शिडी घेऊन गेलो तर एकानं विचारलं नाही! उलट शिपायानं शिडी धरली! जमिनीवरच्या माणसाला पुरावा लागतो, शिडीवरच्याला नाही. 'हात लावू नये' खरवडून काढलं, आणि ठोकला नववा हक्क, फलकावर मावला तेवढा फलकावर, उरलेला खाली भिंतीवर, पार स्विचबोर्डाला वळसा घालून! रांगेतला एक वाचायला लागला, मोठ्यानं. मग दुसरा. मग अख्खी रांग, तीस माणसं, एका सुरात, लेखी द्या! लेखी द्या!

मोठे साहेब बाहेर आले. म्हणजे मीटिंग आतच होती! "कोणाच्या परवानगीनं?" मी शिडीवरूनच म्हटलं, "परवानगी नाही म्हणताय? लेखी द्या!"

आणि दिलं हो! चार दिवस ज्यांना एक ओळ लिहिता येईना, त्यांनी दहा मिनिटांत दीड पान लिहिलं! टाइप करून, जावक नंबर घालून, गोल शिक्का मारून. कारणे दाखवा नोटीस! कारण मागतोय मी, आणि दाखवायची कोणी? मीच!

संध्याकाळी नोटीस घरी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. थोरलीनं उचलली, वाचली, परत वाचली. "बाबा, उठा. ही ओळ बघा." काय लिहिलं होतं? 'आपण, अमुक यांचे पुत्र, राहणार अमुक, या देशाचे जबाबदार नागरिक असूनही सरकारी फलक विद्रूप केला...' नागरिक असूनही! खाली मोठ्या साहेबांची सही!

शुक्रवारी खिडकी नंबर चारला पोरगी गेली. नोटीस आत सरकवली, म्हणाली, "काका, वडील नागरिक असल्याचा पुरावा." साहेबांनी सही पाहिली, घाम पुसला. "हा पुरावा चालत नाही." पोरगी एकदम गोड आवाजात, "मोठ्या साहेबांनी खोटं लिहिलंय का? मग तसं लेखी द्या." साडेचारला दाखला हातात! पाचला दहा कमी असताना ती कॉलेजात पोचली!

तर आता दाखल्यावर बारीक अक्षरात शेरा आहे, 'वडिलांच्या नागरिकत्वाचा आधार, फलक विद्रूपीकरण प्रकरण, प्रलंबित.' केस कोर्टात गेलीय. परवा वकील मोठ्या खुशीत सांगत होते, "काळजीच करू नका, पहिल्याच तारखेला नोटीस रद्द करून घेतो, तुम्ही निर्दोष!" मी त्यांचे पाय धरले हो. म्हटलं, "वकीलसाहेब, असं काही करू नका, पोरीचं शिक्षण चार वर्षांचं आहे... तेवढी चार वर्षं मला गुन्हेगार राहू द्या!"