बायजाक्काचं खळं

मुलांनो, तुमच्या मुलांच्या शनिवारच्या सामन्यांना तिकडे मैदाने पुरत नाहीत, एकेका सामन्यासाठी दीड तास गाडी चालवत जावे लागते, असे तुम्ही फोनवर सांगितलेत तेव्हा मला शिवरामनानांची आठवण झाली. माझे वडील सांगलीतल्या एका शाळेत ड्रिलमास्तर होते आणि नाना त्याच शाळेत शिपाई. नाना आता नव्वदीला टेकले आहेत. तीन दुपारी त्यांच्यासमोर बसून हे लिहून घेतले. बोलणे त्यांचेच आहे, मी फक्त विरामचिन्हे घातली.

आमी मूळचं कोरेगावकडचं, माझा जन्म कवाचा ते काय कुणी लिवून ठेवलेलं न्हाई, आई म्हणायची मानमोडीची, त्या मोठ्या तापाची साथ गेली त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या साली. रान थोडं आणि भाऊ चौघं, त्यातलं दोघं पलटणीत गेलं, मी बी गेलो व्हतो भरतीला, पर माझी छाती भरंना, मापं घेणारा हसला आणि म्हणला, जा घरी, भाकरी खाऊन ये. मंग मामा सांगलीला व्हता त्यानं मला शाळंत चिकटवलं. घंटा द्यायची, पाणी भरायचं, आणि ताई, तुमच्या वडलांच्या हाताखाली मैदान आखायचं. आखायचं म्हंजी दोरी ताणायची, चार कोपऱ्यांना खुंट्या मारायच्या आणि दोरीच्या कडंकडंनं चुन्याची फक्की सोडायची, चिमटीतनं, एकसारखी, कुठं जाड न्हाई कुठं बारीक न्हाई. दुसरी मोठी लढाई लागली तशी फक्की मिळंना झाली, तर मी कुंभाराच्या भट्टीतली पांढरी राख चाळून आणायचो. घरची चुलीतली बी न्यायचो. बायको म्हणायची, आवं, भांडी घासायला तरी ठेवा, का ती बी हुतुतूला वाहिली?

तवा गावाला हुतुतूचं येडच लागलं व्हतं, काय सांगू तुमाला. पहिल्या साली मास्तरांनी उन्हाळ्यात सामने भरवलं तवा चार संघ आलं. दुसऱ्या साली आठ. मंग थोरांचं वेगळं आणि बारक्यांचं वेगळं, मंग शेजारच्या गावांची पोरं म्हणली आमी काय पाप केलं, असं करत करत एका साली मास्तरांच्या कागदावर तीस नावं आली आणि मैदानं दोन. दोन बी नीट न्हवती. शाळंमागच्या मोकळ्या जागेत धान्याची टंचाई म्हणून भाजी लावली. दुसऱ्या जागेवर लाकडाची वखार पडली. मंग आमी नदीच्या मळीत उतरलो, कृष्णेकाठची मऊ माती, पोरांना पडायला लय बरं, पर शेजारी माळ्याची वांगी. एक पोरगं दम धरून मागं मागं गेलं ते थेट वांग्यात. त्यो माळी विळा घेऊन आला आणि म्हणला, मास्तर, तुमची पोरं हुतुतू म्हणत्यात, मी काय म्हणू? मास्तरांनी आपल्या पैशानं टोपलीभर वांगी घेतली. आठ दिवस तुमच्या घरात वांग्याचीच भाजी व्हती, ताई, तुमी रडायचा, आठवतंय का?

तर मास्तर मला म्हणले, शिवराम, तू रानातला माणूस, काय तरी सुचव. मला सुचलं ते खळं. आता तुमच्या नातवंडांना खळं म्हंजी काय ते सांगावं लागंल. शाळू काढला की रानातच एका कडंला जागा खणायची, पाणी मारायचं, बैलं फिरवायची, चोपायचं, शेणानं सारवायचं, अशी फरशीगत जमीन व्हती. मधोमध एक खांब रोवायचा, त्याला तिवडा म्हणायचं, त्याला बैलं बांधून कणसावर गोल गोल फिरवायची. मळणी झाली, धान्य घरी गेलं, की पाऊस पडून नांगर लागंपतोर दोन-तीन महिने ती जागा मोकळी. आणि ह्येच महिने आमच्या सामन्यांचं. मास्तर माझ्याकडं बघतच राहिले. म्हणले, शिवराम, गावाभोवती एवढी मैदानं पडल्यात आणि आपण वांग्यात खेळतोय.

त्या साली मी सायकल घेऊन रानं पालथी घातली. शेतकरी नाही म्हणायचं न्हाईत, पर खळ्याचे कायदे असत्यात. पायताण घालून जायचं न्हाई. खळ्यात धान्य संपलं असं म्हणायचं न्हाई, वाढलं म्हणायचं. वाईटवंगाळ तोंडातनं काढायचं न्हाई. आणि तिवडा ज्यानं रोवला त्यानंच काढायचा, निदान आमच्या भागात तरी. ह्ये मला ठावं व्हतं. ठावं असून माझ्या हातनं व्हायची ती चूक झाली.

झालं काय, साताऱ्याचा एक संघ रेल्वेनं येणार व्हता, रविवारी शेवटचा सामना. शनिवारी सकाळी ज्याचं खळं ठरलं व्हतं त्याच्या घरात सुतक पडलं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मी सायकल काढली आणि कुपवाडच्या वाटंला लागलो. आता तिथं कारखानंच कारखानं, तवा नुसतं रान व्हतं. एका बांधावर थांबलो तर समोर असं खळं, ताई, रुंद, सपाट, हुतुतूचं मैदान बसून चारी बाजूंनी माणसं बसतील एवढं. मधी तिवडा उभा. रानात एक वाटेकरी व्हता, त्याला इचारलं, खेळू का, त्यो म्हणला, खेळा की. म्हणलं, तिवडा मधी येतोय. त्यो म्हणला, मळणी कवाच झालीया, काढा की. मी बी घाईत. खांब कुणाचा, रोवला कुणी, ह्ये मी इचारलंच न्हाई. हलवून हलवून काढला, खड्डा बुजवला, पाणी मारलं, चोपला आणि वरनं राखेची मधली रेघ मारली. लय झ्याक दिसत व्हतं.

रविवारी सामना सुरू व्हायच्या बेताला एक बाई बांधावरनं आली. उंच, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. ती बायजाक्का. मालक खाटंला खिळलेला, एकुलता पोरगा सदाशिव पलटणीत, म्हणून रान वाट्यानं दिलेलं. वाटेकरी नवा, त्याला काय ठावं न्हाई. सदानं लढाईवर जायच्या आधी तिवडा रोवला, मळणी केली आणि घाईनं हजर व्हायचं पत्र आलं तसा उठून गेला. म्हणून बायजाक्कानं त्यो खांब हलवू दिला न्हवता. दोन पावसाळं त्यो तिथंच उभा व्हता. खळं बी नांगरू दिलं न्हवतं, दर साली तिथंच नव्यानं सारवायचं आणि त्याच खांबाभवती मळायचं.

ती आली आणि मैदानाच्या मधी बघत राहिली. मंग म्हणली, तिवडा कुणी काढला?

मी म्हणलं, मी काढला, आक्का.

ती म्हणली, माझा सदा काढणार व्हता, आल्यावर.

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मास्तर पुढं झालं, हात जोडलं, म्हणले, आक्का, आमी आत्ता उठतो, सामना न्हाई खेळत. साताऱ्याची पोरं एकमेकांकडं बघाय लागली, एवढ्या लांबनं आलेली. बायजाक्कानं त्या पोरांकडं बघितलं. मंग मला म्हणली, व्हता तिथं रोव. आणि मंग खेळा. लेकरं आल्यात तर उपाशी कशाला धाडायची.

मी त्योच खड्डा उकरला, खांब उभा केला, दगडं ठोकली. आता खांब बरोबर मधल्या रेघंवर. साताऱ्याचा म्होरक्या म्हणला, मास्तर, ह्यो आठवा गडी कुणाच्या बाजूनं? सगळी हसली, बायजाक्का बी तोंडाला पदर लावून हसली. मास्तरांनी ठरवलं, दम घेऊन परत येणारा रेघंवर न्हाई पोचला पर खांबाला हात लागला तरी त्यो परतला धरायचा. सामना सुरू झाला. हुतुतूत बाद झालेल्या गड्याला मेला म्हणत्यात, तुमाला ठावं हाय. पहिला गडी बाद झाला आणि शंभर माणसं एकदम वरडली, मेला, मेला. बायजाक्का उठून उभी राहिली. म्हणली, माझ्या खळ्यात त्यो शब्द न्हाई.

मंग काय म्हणायचं? मास्तर म्हणले, बसला म्हणा. आणि परत आत आला की उठला. सामना संपंपतोर सगळी बसला-उठला करत राहिली, चुकून कुणाच्या तोंडात आलं की शेजारचा त्याला कोपरानं ढोसायचा. जिंकलं साताऱ्याचं. मला त्याचं काय न्हाई. माझं ध्यान त्या खांबात. त्यो पहिल्यागत घट्ट बसला न्हाई, जरा कलला, आणि माझ्या मनात आलं, आता त्या पोराचं काय बरंवाईट झालं तर ते माझ्या हातनं.

बायजाक्का जाताना मास्तरांना म्हणली, पुढच्या साली बी या. हितं माणसांचा आवाज बरा वाटतो.

त्या सालापास्नं ते आमचं सगळ्यात मोठं मैदान झालं. सकाळी बारकी, संध्याकाळी थोर, उन्हाळाभर दमाचा आवाज. बायजाक्का बाभळीखाली पाण्याचा डेरा भरून ठेवायची, गूळ ठेवायची. सदाचं पत्र आलं की थोरली पोरं तिला वाचून दाखवायची, मिसरहून आलेलं, मंग इटलीहून. आणि मी दर शनिवारी सायकल मारत जायचो आणि खांबाच्या बुडाला दगडं ठोकायचो, माती चोपायचो. बायको म्हणायची, घरचं दार मोडकळीला आलंय त्याला एक खिळा न्हाई, आणि लोकाच्या खांबाची चाकरी. मी तिला खरं काय ते कधी सांगितलं न्हाई.

मंग एका साली पत्रं थांबली. एक महिना, दोन महिने, पाच महिने. पोरं खेळायची तवा बायजाक्का यायची, बसायची, पर गूळ द्यायला इसरायची. मास्तर एकदा सायकलवरनं परत येताना मला म्हणले, शिवराम, बोलू नये, पर ह्यो पोरगा आला की मैदान जाणार आपलं, त्यो रान स्वतः करणार. मी म्हणलं, जाऊ दे मास्तर. येऊ दे त्याला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं सगळं. सायकल थांबवून पाठीवर हात ठेवला. तुमचं वडील लय भला माणूस, ताई.

लढाई थांबली, तरी पत्र न्हाई. उन्हाळा आला, सामने लागलं. बारक्यांचा खेळ चालला व्हता, मी राखेचं घमेलं घेऊन उभा. बांधावरनं एक माणूस आला, खाकी शर्ट, खांद्याला वळकटी, एक पाय जरा ओढत. लांब उभा राहून बघत राहिला. एवढी पोरं आपल्या रानात, आणि मधी आपला खांब. एक बारकं दम घेऊन गेलेलं, दोघांनी त्याला धरलेलं, ते सरपटत आलं आणि खांबाला हात लावला आणि सगळी वरडली, आला, आला, परत आला! बायजाक्का बाभळीखालनं उठली ती पोराकडं बघत उठली आणि तिची नजर मागं गेली. ती पळाली न्हाई, काय न्हाई. डेऱ्यातनं तांब्या भरला, सदाच्या पायावर पाणी वतलं, आणि मंग खाली बसली.

पुढं सदानंच मला सांगितलं, जखमी हून दवाखान्यात पडला व्हता, पत्रं लिवून घेतली व्हती, ती कुठं गेली कुणास ठावं.

चार दिवसांनी बायजाक्कानं मला बोलावणं धाडलं. मी भीत भीत गेलो. सदानं खांबाला हात घातला, लय जोर लावून वर काढला आणि मला म्हणला, नाना, ह्यो मी रोवलेला न्हवं, ह्यो लय खोल बसलाय. मी सगळं सांगून टाकलं, चूक कबूल केली. त्यो हसला, म्हणला, आई म्हणली, त्या माणसानं दर शनिवारी येऊन माझी उमेद ठोकून बसवली. मंग बायजाक्का म्हणली, वैशाखात सदाचं लगीन हाय. मांडव हितंच, खळ्यात. मुहूर्तमेढ ह्याच खांबाची. तू काढलास न्हवं, तूच रोव.

नवरदेवाच्या मांडवाची मेढ, ताई, आणि ती माझ्या हातनं. आंब्याची डहाळी बांधली, हळदकुंकू लावलं आणि मी ती रोवली. लग्नात पोरांच्या संघांनी पंगती वाढल्या, हुतुतूचंच गडी, एका रांगंत, बुंदीचं ताट घेऊन दम धरून पळायची. त्याच पक्क्या जमिनीवर पुढं सदानं घर बांधलं, बाकीचं रान नांगरलं. आमचं मैदान गेलं. त्या साली मी शाळंत पेढं वाटलं, हेडमास्तर म्हणले, शिवराम, कशाचं? म्हणलं, मैदान गेलं त्याचं. त्यांना वाटलं, ह्याला ऊन लागलं.

पुढं आमी दुसरी खळी शोधली, माळ शोधलं, मास्तर गेल्यावर मी एकटा शोधायचो. आता खळी न्हाईत, मळणी यंत्रावर व्हती. त्यो खांब सदानं त्या घरात बसवला व्हता, जुनं घर पाडताना मला आणून दिला, म्हणला, तुझाच हाय. त्यो बघा दारात. धुण्याची तार बांधलीया त्याला.

सकाळी गल्लीतल्या मोटारसायकली निघाल्या की जरा जागा मोकळी व्हती, तेवढ्यात शेजारची पोरं रांगोळी घेऊन रेघ मारत्यात. सुट्टीच्या दिवशी हुतुतू खेळत्यात, आता कबड्डी म्हणत्यात. ह्या खांबापास्नंच मधली रेघ सुरू व्हती. परवा कान दिला, तर गडी बाद झाला की बसला म्हणत्यात. त्यांना कुणी शिकवलं ठावं न्हाई, मी तरी न्हाई. इचारलं, पोरांनो, मेला का म्हणत न्हाई? तर एक पोरगी म्हणली, असंच, हितं तसं म्हणत न्हाईत.

तुमच्या नातवंडांना म्हणावं, मैदान सापडंल. सापडलं की आधी कुणाचं हाय ते इचारा, आणि मंग पोटभर खेळा. म्हाताऱ्याचा आशीर्वाद हाय म्हणावं. आता ती तार सोडून ठेवतो, ताई, सकाळी पोरं खेळाय येतील.