रविवारी चारला बंद पडणारा प्रोसेसर

…आणि बंद! शेवटचं वळण, समोर धाकटीची लाल गाडी, मी तिच्या डिकीला चिकटलोय, आता घालतोच पुढे, आणि पडदा काळाठिक्कर. तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरचा नवा कोरा प्रोसेसर! जुन्यावर गाडी निदान रडतखडत का होईना, पोहोचायची तरी. हा मेला आधी तापतो, तापला की मंदावतो, माझी गाडी बैलगाडी होते, आणि शंभर अंशाला टेकला की थेट बंद.

तुम्ही म्हणाल, या वयात गेम कसले खेळता? ऐका तर. धाकटी, म्हणजे माझी लेक, नोकरीला परगावी. फोन मी उचलला की, "हां बाबा, बरा आहेस? आईला दे." सहा शब्द, मोजलेत मी. मग आईशी पाऊण तास. माझ्या वाट्याला काय, तर रविवारी चार वाजता गाड्यांची शर्यत, ती तिथून, मी इथून, मध्ये फोन स्पीकरवर. त्यात माझा कॉम्प्युटर म्हातारा. ती पोहोचून हातपाय धुऊन यायची तरी मी पहिल्याच फेरीत. एकदा म्हणाली, "बाबा, राहू दे ना आता, तुझ्या मशीनला झेपत नाही." हेही गेलं तर उरलं काय, सहा शब्द? म्हणून आणला प्रोसेसर.

बसवला मीच. तीस वर्षं शिलाई मशीनं खोलतोय, मला काय कोणी शिकवायचं? अलगद ठेवला, वर ती गार ठेवायची पेस्ट लावली, त्यावर नवा पंखा. पंख्याला खाली तांब्याचं बूड, काय सुरेख लखलखत होतं, बघत राहावं. नवी वस्तू आहे, जपायला नको? जपूनच बसवला.

आणि तरी तापला! डब्याचं झाकण काढलं, तापला. टेबल खिडकीत नेलं, तापला. टेबलफॅन लावला तर ही इस्त्री सोडून आली, "अहो, मी इथे घामाघूम, आणि तुम्ही त्या डब्याला वारा घालताय?" तोवर डबा बंद. तो निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं धाकटी बिचारी फोनवर थांबलेली. मग काहीबाही सांगत बसायची, साहेब खडूस आहे, खोलीतला नळ गळतो, एकटीला जेवण जात नाही, "आईला सांगू नकोस हं, रडेल." मी हं हं करतोय, एका हातात पुठ्ठा, वारा घालतोय, मधूनच चालू करून तापमान बघतोय, जीव सगळा त्या आकड्यात… ऐंशी… सत्तर… झालं, निवला! परत खेळ, परत बंद, परत नळ. असे सहा रविवार.

शेवटी ही म्हणाली, "दाखवा एकदा माणसाला." नेला कॉम्प्युटरवाल्याकडे. त्यानं पंखा काढला, उलटा केला, चष्मा वर केला.

"काका, हे प्लास्टिक?"

"कुठलं?"

"तांब्यावरचं. लाल अक्षरात लिहिलंय, बसवण्यापूर्वी काढा. उष्णता अडते त्यानं."

"वाचलं मी ते. मुद्दाम ठेवलं. नवी वस्तू आहे, जपायला नको?"

माझ्याकडे असं बघितलं त्यानं! आता तुम्हीच सांगा, आमच्या रिमोटवर प्लास्टिक आहे, मिक्सरवर आहे, सोफ्यावर तर नऊ वर्षं आहे, पाहुणे टेकले की कुरकुरतं, काही बिघडलं का? हिला मात्र निमित्तच मिळालं, "तरी मी म्हणत होते!" काय म्हणत होती? सोफ्याबद्दल म्हणत होती.

त्यानं प्लास्टिक सोललं, नवी पेस्ट लावली, साठ अंश. रविवारी चारला बसलो. गाडी काय पळते म्हणता! तीन फेऱ्या, साडेचार मिनिटं, कुठे अडकणं नाही, बंद पडणं नाही, आणि जिंकलो, आयुष्यात पहिल्यांदा लेकीला हरवलं. म्हटलं, आता बोलेल काहीतरी.

"वा बाबा, झकास झालं रे मशीन. आईला दे."

दिला फोन हिच्याकडे. चार वाजून पाचच मिनिटं झाली होती. नळाचं काय झालं, ते विचारायचंसुद्धा राहिलं.

ते प्लास्टिक? आहे की. तो टाकून देत होता, मी मागून घेतलं. आज सकाळी स्क्रूड्रायव्हर काढला तर ही दारात, "अहो, आता काय?" म्हटलं, परत लावतोय. "अहो, जळेल तो प्रोसेसर!"

जळू दे. लेक आत्ता कुठे बोलायला लागलीये, जपायला नको?