तीनदा बोललेला शेतकरी

सौंसरच्या बस स्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर बाप आणि कृषी कॉलेजात शिकणारी लेक.

"प्रणाली, मोबाइलात काय शोधून राहिली व?"

"इंग्रजीचा अभ्यास आहे, बाबा. सरांनी संत्र्यावरचे हजार इंग्रजी लेख एका जागी जमा केले. एक शब्द टाकला का तो जिथं जिथं आला, ते सारे वाक्य समोर येतात."

"पाठांतर नाही?"

"नाही. शास्त्रज्ञ कसे लिहितात ते पाहाचं अन् तसं लिहाचं."

"शेतकरी टाकून पाह्य बरं."

"'शेतकऱ्यानं असं करावं.' चारशे वेळा आलं."

"अन् शेतकरी स्वतः काय म्हणते?"

"थांबा. तो तीनदाच बोलला."

"काय बोलला?"

"तिन्ही वेळा, 'माहीत नाही.'"

"मागच्या साली आपल्या बोरगावच्या वावरात एक साहेब कागद घेऊन आला होता. मी संत्रं तोडून राहिलो होतो. लवकर टळावा म्हणून साऱ्या प्रश्नाले तेच सांगितलं."

"मग बाबा, यातले एक तुम्हीच असान."

"दाखव बरं. इंग्रजीत कसा बोललो मी?"