मार्डेलचं बोट

लेलँड : मागच्या मंगळवारी तू आला नव्हतास, आर्व्हिन. तुला भास झाला असेल. कॉफी घे.

आर्व्हिन : कॉफी नको. चष्मा लाव आणि हे वाच.

लेलँड : काय आहे हे?

आर्व्हिन : माझी वही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरायला होतंय तर सगळं लिहून ठेवा. वाच मोठ्यानं.

लेलँड : ‘मंगळवार. लेलँडच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. धरणाऱ्याचं बोट ओळखूनच चालणारं पिस्तूल मागवायला सांगितलं. म्हणाला, शुक्रवारी बघू.’

आर्व्हिन : खाली.

लेलँड : ‘शुक्रवार. परत गेलो. लेलँड म्हणतो, असं बोलणं झालंच नाही.’

आर्व्हिन : अजून खाली.

लेलँड : ‘लेलँड खोटं बोलतोय. सोमवारी परत जा.’

आर्व्हिन : आज सोमवार. अक्षर माझंच ना?

लेलँड : तुझंच. कोंबडीने उकरल्यासारखं.

आर्व्हिन : मग बोल आता. पन्नास वर्षं एकाच दलदलीत बसून आपण बदकं मारली, आणि माझं डोकं गळायला लागल्यावर तू त्याचा फायदा घेतोस?

लेलँड : घेतला. वाटलं, एकदोनदा टाळलं की तुझ्या मनातून जाईल.

आर्व्हिन : गेलंच होतं. वहीतून नाही गेलं.

लेलँड : माझ्या दारावरची पाटी कुणी रंगवली ते आठवतंय? ‘बोट विचारणारी बंदूक इथे मिळणार नाही.’

आर्व्हिन : मीच. कोंबडीच्या अक्षरात. जुनं सगळं आठवतं मला.

लेलँड : मग राजधानीत, लिंकन शहरात, विधानसभेपुढे काय बोललास तेही आठवत असेल.

आर्व्हिन : ‘हत्याराने माणूस ओळखायचा नसतो, माणसाने हत्यार ओळखायचं असतं.’ टाळ्या पडल्या होत्या.

लेलँड : सगळ्यात जोरात मी वाजवल्या. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. आज म्हणतील, असली एक दुकानात ठेवा. उद्या म्हणतील, असल्याच ठेवा. परवा घरातल्या जुन्या जमा करा.

आर्व्हिन : त्यात मी तुझ्याच बाजूचा आहे. तसा कायदा आणला तर परत येईन लिंकनला. कशाला चाललोय ते फक्त गाडीत सांगत राहा. पण हे कायद्याचं नाही, माझ्या घराचं आहे.

लेलँड : घरात एवढी मोठी तिजोरी आहे की. आकडे बदल. सगळ्या बंदुका आत टाक.

आर्व्हिन : आणि मार्डेल? गेल्या वसंतात पिसाळलेलं रॅकूनचं जनावर माझ्या बायकोच्या पायापर्यंत आलं होतं. शेरीफची गाडी पोहोचायला पन्नास मिनिटं लागतात. संधिवाताच्या बोटांनी ती आकडे कधी फिरवणार? तिच्या हाताशी पिस्तूल हवं. आणि ते माझ्या हातात चालायला नको.

लेलँड : तू तिला काही करशील असं वाटतं तुला?

आर्व्हिन : तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी मी अंगणात उभा होतो. हातात पिस्तूल. कशाला घेतलं, कधी घेतलं, काही माहीत नाही. मार्डेलला हाका मारल्या, ओ नाही. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. दाराला आतून दोरी बांधून बसली होती.

लेलँड : काय म्हणाली?

आर्व्हिन : म्हणाली, वाऱ्याने दार आपटत होतं. लेलँड, आपल्या नेब्रास्कात वर्षातून एक दिवस वारा पडतो. नेमका तो होता.

(बाहेर गाडीचं दार लागतं. गोधडीत गुंडाळलेल्या तीन लांब बंदुका कवेत घेऊन मार्डेल आत येते.)

मार्डेल : कुणी उठून मदत केली तरी चालेल. ही त्याच्या वडिलांची शॉटगन, या दोन रायफली. जुनं पिस्तूल माझ्या पर्समध्ये आहे, रिकामं.

लेलँड : मार्डेल, त्या दुपारी हा तुला काय म्हणाला?

मार्डेल : ‘बाई, तुम्ही कोण, आणि माझ्या बायकोचा कोट का घातलाय?’ एवढंच. अगदी सभ्यपणे विचारलं.

आर्व्हिन : हे मला नव्हतं सांगितलंस.

मार्डेल : तू तरी कुठे सांगितलंस, वारा नव्हता हे तुझ्या लक्षात आलंय म्हणून? तुझ्या वहीत वाचलं मी.

लेलँड : ऐका दोघं. ही पिस्तुलं धड चालत नाहीत. हात ओला असला, माती असली, की ओळखत नाहीत. बॅटरी उतरली की लोखंडाचा तुकडा. ऐन वेळी दगा दिला तर काय करशील?

मार्डेल : दार लावीन, कुत्रा सोडीन. लेलँड, एक पिस्तूल माझ्या हातात कधीतरी चालणार नाही. दुसरं याच्या हातात नेहमीच चालतं. मी पहिलं घेते.

लेलँड : आणि गाव? मी असलं पिस्तूल मागवल्याचं कळलं, तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही.

मार्डेल : माझं नाव सांग. ज्याला शिव्या द्यायच्यात त्याने घरी यावं. येताना जेवण घेऊन यावं, म्हणजे माझा एक स्वयंपाक वाचेल.

आर्व्हिन : लेलँड, मी बोललो होतो ते चुकीचं नव्हतं. माणसाने ओळखायचं असतं. पण आमच्या घरातला माणूस आता भरवशाचा राहिला नाही. तिला न चुकता ओळखेल असं घरात एक तरी काही असू दे.

(लेलँड शॉटगन उचलून कपाटात ठेवतो.)

मार्डेल : फॉर्म दे.

लेलँड : दुसऱ्या दुकानातून मागवावं लागेल. दोन आठवडे लागतील. तोवर हे सगळं इथेच, माझ्या कपाटात. फॉर्म तुझ्या नावाने. इथे सही, इथे तारीख. आणि पिस्तूल आलं की ओळखीसाठी त्यात बोट तुझं एकटीचं घालू?

मार्डेल : माझं एकटीचं.

आर्व्हिन : तारीख काय आज?

मार्डेल : चौदा. लिही तुझ्या वहीत.

आर्व्हिन : लिहितोय. ‘लेलँड हो म्हणाला.’ आता पुढचं ऐक, लेलँड. उद्यापरवा मी एकटाच येईन आणि म्हणेन, त्या पिस्तुलात माझंही बोट घाल.

लेलँड : नाही घालणार.

आर्व्हिन : मी भांडेन. मी म्हणेन, घर माझं आहे, बायको माझी आहे.

लेलँड : भांड.

आर्व्हिन : तुझ्या बापाचा उद्धार करीन.

लेलँड : कर. त्याची सवय आहे मला.

आर्व्हिन : आणि विचारलं, मी याआधी इथे आलो होतो का, तर?

लेलँड : आला होतास म्हणेन.