मासळीवाल्याची बिलं

...आणि ती पिशवी ठेवली कुठे? टेबलावर! नव्या कोऱ्या टेबलावर, अजून पॉलिशचा वास गेला नव्हता हो त्याचा! पिशवीत काय, तर बिलं. वर्षभराची बिलं, मासळीच्या पाण्यात मुरलेली, एकमेकांना चिकटलेली, खवल्यांसकट! तुम्हाला सांगतो, एक बिल चिमटीत धरून उलगडलं, तर आतून... नको. तुम्ही जेवून आला असाल. म्हणे स्वतःचा मालक!

हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं आमच्या मेव्हण्याने. स्वतः आजवर एक नोकरी टिकवली नाही, पण मला सांगतो, "भावोजी, किती दिवस साहेबाच्या हाताखाली लोकांचे हिशेब लिहिणार? स्वतःची पाटी लावा! स्वतःचे मालक व्हा!" आणि मी, चांगला शिकलेला माणूस, हुरळलो! दिला राजीनामा. बायकोने लगेच मुदत घातली, "वर्षाच्या आत एक तरी कायमचा क्लायंट दाखवा, नाहीतर मुकाट्याने साहेबांचे पाय धरायचे." साहेबांचे! ज्यांनी निरोपाच्या चहाचे पैसे माझ्याकडूनच घेतले!

जागा मिळाली ती दातांच्या दवाखान्याशेजारी. दिवसभर माझ्या खुर्च्या भरलेल्या, पण कोणी? गाल सुजलेल्यांनी! दार वाजलं की मी टाय सावरून उभा, "या, या, बसा!" तर समोरचा आ वासतो! अहो, मला काय दाखवता? मी हिशेब बघतो, दाढा नाही! आणि ज्यांचे दात शाबूत, ते सगळे नातेवाईक. सासरेबुवा येणार, "जावईबापू, इकडून चाललोच होतो, एवढं रिटर्न भरून टाका." फी म्हटलं की चेहरा असा, जसं काही मी त्यांच्या ताटातला घास उचलला! म्हणे स्वतःचा मालक!

आणि मग हा मासळीवाला. पहिला खरा क्लायंट! "साहेब, आता काम कायम तुमच्याकडेच. वडलांपासूनचं दुकान आहे आपलं." कायम म्हणाला हो! मिठीच मारणार होतो, पण वास... नाकाला रुमाल बांधला आणि बसलो. बिलं सुटी केली, दोरीवर चिमटे लावून खिडकीत वाळत घातली. खाली मांजरं जमली! डॉक्टर तणतणत आले, "अहो, माझे पेशंट तोंड उघडेनात!" मी तरी कुठे उघडत होतो?

बर्फ, गाडीभाडं, गड्याचा पगार, सगळं जुळवलं. निघालं काय? तोटा. दरमहा, न चुकता तोटा! आता शहाणा माणूस, ज्याच्या बायकोने मुदत घातली आहे असा माणूस, काय करेल? रिटर्न भरेल आणि गप्प बसेल! पण आम्हा हिशेबनिसांच्या जातीचा रोगच आहे, चुकीची बेरीज दिसली की जीभ वळवळते. बोलून गेलो, "दादा, दुकान बंद करून घरी बसलात ना, तर जास्त पैसे उरतील."

तो ताडकन उठला. म्हटलं, आता हाणतोय! तर त्याने माझा हात धरला, त्याच मासळीच्या हातात, आणि ढसाढसा रडला. "इतकी वर्षं कोणी सांगितलंच नाही हो साहेब. सुटलो!" आणि पुढच्या आठवड्यात दुकान बंद! माझा एकुलता एक कायमचा क्लायंट, मी माझ्या हाताने बंद केला! म्हणे स्वतःचा मालक!

बरं, तो गप्प बसला? सगळ्या बाजारात सांगत सुटला, "त्या साहेबांकडे जा, खरं सांगतात!" आता जिन्यापर्यंत रांग असते. चप्पलवाला येतो, रंगवाला येतो, कोंबडीवाला येतो... प्रत्येकाची पिशवी, प्रत्येकाचा वेगळा वास! "साहेब, बंद करू ना?" मी बेरीज करतो. करा, म्हणतो. ते रडतात, फी देतात, आशीर्वाद देतात आणि जातात. पुन्हा कशाला येतील? मेव्हणा विचारतो, "भावोजी, धंदा कसा आहे?" म्हटलं, लोकांचे बुडतायत तोवर उत्तम आहे!

वर्ष संपलं, तशी बायको स्वतः बघायला आली. "कायमचा कोण आहे यात?" म्हटलं, कोणीच नाही. तिने रांग पाहिली, पिशव्या पाहिल्या, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "बरं, चालू द्या." हो, तुम्हाला सांगतो, चालू द्या म्हणाली! फक्त घरी येताना पुढच्या दाराने यायचं नाही. मागे नळाखाली आंघोळ करायची, कपडे तिथेच टाकायचे, मग हाक मारायची, आणि तिने हुंगून बघितलं की आत.

म्हणे स्वतःचा मालक!