फुकटातलं अस्वल

हणमंतराव — पुन्हा सांगतो, व्यंकट. तीन मिनिटं. पोरीचा व्हिडिओ सुरू झाला की बूड खुर्चीला. मधी उठलास की हरलास.

व्यंकट — अन् न्हाई उठलो तर?

हणमंतराव — तर हा टायरवाला हणमंतराव भर हॉलमंदी कान धरून एकवीस उठाबशा काढंल. उठलास तर तू काढायच्या.

व्यंकट — खुळा हायस तू. शेजारी म्हणून ऐकून घ्यायलोय. तीन मिनिटं बसायला काय लागतंय? कबूल. आरते, गोष्ट कशाची हाय गं?

आरती — अस्वलाची, पप्पा. नववीतल्या सगळ्यांना करायचीय, आपल्याच आवाजात. सरांनी फुकटातलं ॲप दिलंय, चित्रं त्यातच असतात.

व्यंकट — जळकोटात अस्वल कुठून आलं?

आरती — बाप्या माणसाचं चित्र पैसे भरल्यावर उघडतंय. तुम्हीच म्हणलात, फुकटात भेटंल त्यात भागव.

हणमंतराव — बघ. पैसे भरला असतास तर माणूस भेटला असता.

(शाळेचा हॉल, दुपार. पडद्यावर आरतीचा व्हिडिओ. पहिल्या रांगेत व्यंकट आणि हणमंतराव. मागे व्यंकटची बायको सिंधू.)

आरतीचा आवाज — अस्वल कामावरून येतंय. आल्या आल्या मिक्सर चालू करतंय. रिकामाच.

हणमंतराव — लाल टोपी घातलीय बघ. कसलं गोड दिसायलंय.

व्यंकट — मिक्सर कामून?

आरतीचा आवाज — मिक्सर चालू असला की अस्वलीण वरडलेली बाहेर ऐकू येत नाही. मग अस्वल पट्टा काढतंय. पहिला पाठीवर. दुसरा हातावर, कारण तिनं हात मधी घातला. मग केसाला धरून डोकं ओट्यावर.

हणमंतराव — दीड मिनिट झालं. बस, बस.

व्यंकट — हिला कुणी शिकवलं हे?

आरतीचा आवाज — एकदा अस्वलिणीचा दात वरणात पडला. अस्वल म्हणालं, दुसरं वरण वाढ.

व्यंकट — बंद करा ते. खोटं हाय सगळं. दात तिचा आधीच हलत होता.

हणमंतराव — कुणाचा रे, व्यंकट?

(व्यंकट खुर्चीतून उठून पडद्याकडे धावतो.)

हणमंतराव — पोरीनं कुणाचं नाव घेतलं न्हाई. दोनशे माणूस बसलंय. उठला कोण?

व्यंकट — तूच फितवलास पोरीला.

हणमंतराव — मी नुसतं दुकानाचं वायफाय दिलं.

व्यंकट — ही खुर्ची टाळक्यात घालीन तुझ्या.

हणमंतराव — घाल की. घा—

आरती — पप्पा, सोडा. काकांचं डोकं फुटलंय. रक्त यायलंय, पप्पा, परत नका मारू.

हणमंतराव — धरा त्याला, सर. दोघं धरा, दांडगा हाय. मला काय न्हाई झालं, दोन टाके पडतील. आज पहिल्यांदा मिक्सर न लावता मारलास की रे.

व्यंकट — आरते, घरी चल. मग दाखवतो.

आरती — आम्ही घरी येत नाही. आईची पिशवी भरलेली आहे, देगलूरला मामाकडं चाललोय. आजपर्यंत सगळे म्हणायचे, पडली असंल. आता कुणी म्हणणार नाही.

हणमंतराव — भिंतीला भिंत हाय, पोरी. सहा वर्षं मिक्सर ऐकून राहिलो. चटणी कधी वाटीभर आली न्हाई, अन् मी कधी विचारलं न्हाई.

व्यंकट — हणमंता, जाऊ दे मला.

हणमंतराव — दारात गाव उभं हाय. हेडमास्तरानं पोलिसाला फोन लावलाय, गाडी येईस्तोवर पैज फेडू. धर कान.

व्यंकट — इज्जत जाईल रे.

हणमंतराव — खाली पुरा बस. एक. रुमाल द्या कुणीतरी, डोळ्यात रक्त उतरायलंय, दिसंना. दोन. कान सोडू नको. तीन... अठरा. एकोणीस. वीस—

सिंधू — सतराच झाल्यात, भाऊजी. मला मोजायची सवय हाय.