उजवा कौल

— नाही नाही, चहा निवला तरी चालेल, तू आधी लॅपटॉप इकडे फिरव. आणि ‘आत्या’ आत्ताच नको, ‘नीलिमाताई’च म्हण, संशोधनात नात्यांची घाई करत नाहीत. तर सुयोग, माझी तक्रार निव्वळ शास्त्रीय आहे. माझ्या संकेतस्थळासाठी तू आमच्या गावदेवीच्या कौलाचं पान केलंस, सुरेखच केलंस — मूर्तीला दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवलेल्या, गुरव गाऱ्हाणं घालणार, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि आपण काय ठरवलं होतं? की माउसचा बाण मूर्तीच्या ज्या बाजूला, त्या बाजूची पाकळी पडावी — कौलात माणसाच्या हाताचा वाटा किती असतो, हे वाचकानं स्वतः खेळून पाहावं म्हणून. बरोबर? मग इथं अंबरनाथला माझ्याकडे बाण उजवीकडे नेला की मुकाट्यानं उजवी पडते, आणि बेलवलीला दादाच्या त्या जुनाट संगणकावर बाण उजवीकडे असूनही डावी! हा काय प्रकार आहे?

अस्सं! म्हणजे माझा ब्राउझर अंतर मोजतो खिडकीच्या कडेपासून, दादाचा मोजतो चित्राच्या कडेपासून, म्हणून त्याचा आकडा लहान येतो आणि स्क्रिप्टची समजूत होते की बाण डावीकडेच आहे — अरे, हे तर माझ्या ओळखीचं भांडण! दोन गावं एकच शीव मोजतात, एक वेशीपासून, दुसरं देवळापासून, आणि मग दोघंही खरं बोलत असतात. तर दोघांनाही एकाच कडेपासून मोजायला लाव. आत्ता. हो, आत्ताच, चारच्या आत.

चारला काय? काही नाही. म्हणजे — दादानं सहज पान उघडून पाहिलं होतं — सहज असं नव्हे, परवा रंगीत तालीम केली, आणि लागोपाठ दोनदा डावी पडली. कसली तालीम म्हणजे? कौसाकाकू आल्यात गावाहून. भावकीत वडीलधारं माणूस आता त्या एकट्या. देवीचा कौल असल्याशिवाय दादाच्या राजसीच्या लग्नाला होकार द्यायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, कॅम्प चारचा मुलगा, सिंधी शेजारात वाढला, त्याच्या घरी आंबोळ्या होतात की नुसतेच पापड? आता गावी परत जाऊन देवळाच्या पायऱ्या चढायच्या तर गुडघे नाहीत, म्हणून त्यांनीच तोड काढली — मूर्तीचा फोटो खरा आहे ना, मग चारला गुरव फोनवर गाऱ्हाणं घालील आणि शरदचंद्र, म्हणजे आपला दादा, बटण दाबील. परंपरा अशीच तगते बरं का, यावर स्वतंत्र निबंध होईल. — असा पांढरा पडू नकोस, टाइप कर!

मी? मी यात कुठं आहे? मी निरीक्षक. मी हस्तक्षेप करत नाही. ‘कौल माग’चं बटण मी उजवीकडेच ठेवायला का लावलं? मांडणीचं सौंदर्य! ते दाबायला बाण उजवीकडे न्यावाच लागतो, हा निव्वळ योगायोग — हसतोस काय, ही कल्पना राजसीची आहे, माझी नाही. हे मी बोलले नाही. आणि पश्चिमेचा तो लग्नाचा हॉल मी फक्त पाहून आले, नाव नोंदवलं ते हॉलवाल्याच्या समाधानासाठी. झालं? चढवलंस? जुन्या ब्राउझरमध्येही उजवीच? खात्रीनं? शाब्बास रे जावईबापू!

थांब, दादाचाच फोन. — हं, बोल दादा. ... पान आत्ताच उघडलंस? छान. ... काकू समोर बसल्यात, बरं. ... गुरवाला काय विचारायला सांगितलंस? ‘हे स्थळ नाकारावं का’? ... अरे, असं उलटं का? ... परवा दोनदा डावी पडली, आजही डावीच पडणार, डावी म्हणजे नकार, आणि नाकारायला देवीचा नकार म्हणजे — अरे देवा. म्हणजे तुलाही हे लग्न हवंय? मग इतके दिवस मिशा कुरवाळत घुम्यासारखा का बसला होतास? ... प्रश्न फिरवायचा आधार कुठला काढलास? ... माझा लेख! कौलाचा प्रश्न उलटा घातला तरी चालतो, हे लिहिलेला! नेमका माझा लेख वाचायला आजचाच मुहूर्त सापडला तुला?

बटण दाबलंस का? ... नाही ना? मग हात मांडीवर ठेव. ... प्रश्न आता बदलता येणार नाही, हे मलाही कळतं, काकू ऐकतायत. गाऱ्हाण्यात गुरव कुठवर आलाय? ... मग त्याला म्हणावं, वाडीतल्या एकेका देवाचं नाव घे, वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, कुणी राहायला नको. आणि मी सांगितलं की पान पुन्हा नव्यानं उघड. ... का ते विचारू नकोस, देवीचं कारण आहे.

सुयोग, होतं तसं कर. सगळं. डावी पडायला हवी, डावी! — आता मला काही समजावून सांगू नकोस, लग्न करायचंय ना? मग तोंड बंद, आणि टाइप कर.